अंबाड्यातली पत्रकं

चारकोपच्या आमच्या सोसायटीला स्वतःचं परराष्ट्र खातं आहे आणि ते नलिनीबाई एकट्या चालवतात. पार्किंगची युद्धं, गळक्या बाथरूमचे तह, सगळं त्यांच्याकडे. मध्ये पाच वर्षं नगरसेविकाही होत्या. पण मूळची बाई भूमिगत हो! आणीबाणीतल्या संक्रांतीला एकोणीस वर्षांची ही पोर घाटकोपरात तिळगुळाचं ताट घेऊन निघाली, सरकारविरोधी पत्रकं अंबाड्यात लपवून. अंबाडा बांधला मैत्रिणीने, सुहासिनीने. इतका घट्ट, की नलिनीच्या भुवया कपाळात गेल्या. नाक्यावर एका शिपायाने अडवलं, ताट तपासलं, दोन लाडू तोंडात टाकले आणि सोडलं.

तो शिपाई म्हणजे आमचे तळमजल्यावरचे धोंडिराम हवालदार! नलिनीबाईंनी त्यांना ते इथे राहायला आले त्याच दिवशी ओळखलं, पण चकार शब्द काढला नाही. हुकमाचं पान कोण उगाच टाकतं?

यंदा टाकावं लागलं. चौथ्या मजल्यावरची सुहासिनी गुडघ्यांपायी आठ महिने खाली उतरली नव्हती. लिफ्टला सगळ्यांची संमती, फक्त धोंडिराम अडलेले. लिफ्ट त्यांच्या खिडकीपुढे येणार. मग कोण कोणाकडे जातं ते दिसणार कसं?

संक्रांतीला नलिनीबाई तिळगूळ घेऊन त्यांच्या दारात.

"हवालदार, तुमच्या हातून कोणी सुटलं नाही म्हणता ना?"

"एकसुद्धा नाही!"

"मी सुटले." आणि सगळं सांगितलं, फक्त अंबाडा वगळून. "उद्या हळदीकुंकवात सांगू हे बायकांना?"

धोंडिरामांचा चेहरा पडला. मग हळूच मिशी वर आली. "अहो, ताटाखालची पत्रकं दिसली होती मला! मुद्दाम सोडलं. मीपण तुमच्यातलाच!"

नलिनीबाईंची पापणी हलली नाही. "अगंबाई! मग लिफ्टच्या उद्घाटनाला तुमचा सत्कारच करू. आणि लिफ्टच्या दाराशी तुमची खुर्ची. येणारा-जाणारा तुमच्यासमोरूनच."

संमतीवर सही करायला पेन हवालदारांनीच मागितलं.

गणपतीच्या आधी लिफ्ट सुरू झाली. पहिल्या फेरीत सुहासिनी उतरली, नवी पैठणी नेसून, नवरीसारखी लाजत. नलिनीबाईंनी माइकवरून ताटाखालच्या पत्रकांची गोष्ट रंगवली. टाळ्या! धोंडिराम शालीत फुगलेले.

सुहासिनी नलिनीबाईंच्या कानाशी लागली. "नले, पत्रकं अंबाड्यात होती ना गं? मीच तर—"

"गप गं! पुन्हा चार मजले चढायचेत का तुला?"