बिनकव्हराचे अंक

नोकरीसाठी मी पुण्याला निघाले, तेव्हा मला एसटीत बसवायला नाना वेगळे असे आलेच नाहीत. घाटनांदूरच्या स्टँडवर गाडी आमच्या मासिकांच्या दुकानासमोरच लागायची. ते गल्ल्यावरून उठले, खिडकीतून एक मासिक आत सरकवलं आणि म्हणाले, "वाचत जा माय. बाहीर बघू नगंस, रडू येतंय." आई तोवर रडून मोकळी झाली होती. मी मासिक हातात घेतलं तर त्याला कव्हरच नाही. लेक घर सोडून चालली तरी बाप विकायचा अंक काही देणार नाही, हे बघून मला हसू आलं. गाडी हलली आणि मग व्हायचं तेच झालं.

गावकऱ्यांनो, तुमच्यातले जे गावात राहिले त्यांना हे सांगायची गरज नाही, पण निघून गेलेल्यांच्या पोरांना कळावं म्हणून सांगते. न खपलेला अख्खा अंक परत पाठवणं परवडायचं नाही. म्हणून नुसतं कव्हर फाडून वितरकाकडं धाडायचं, कव्हर पोचलं की अंक परत आला असं तो धरायचा. उरलेला अंक रद्दीत जायचा, पण नाना असे अंक जपून ठेवायचे. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. ट्रॅक्टर स्टँडवर थांबले की बायका खाली उतरून दुकानाशी यायच्या आणि हळूच विचारायच्या, "नाना, बिनकव्हराची हायत का?" नाना गठ्ठेच्या गठ्ठे द्यायचे. बीडच्या कितीतरी पोरांनी पहिली गोष्ट कारखान्याच्या फडात, अशा कव्हर नसलेल्या पुस्तकातून वाचली असेल. आमच्या घरातही दुसरं काही नव्हतं. कव्हर असेल तो अंक दुकानाचा, नसेल तो आपला. लहानपणी वाचलेल्या कितीतरी कथा मला पाठ आहेत, पण त्या कुठल्या मासिकात आल्या होत्या ते विचाराल तर गप्प बसावं लागेल.

आता मी मोबाईलवर वाचायचा मजकूर लिहिते. चहा गार व्हायच्या आत वाचून संपला पाहिजे, अशी कंपनीची अट असते. "बापाचं गिऱ्हाईक पळवायलीस की गं," असं आई चिडवायची. आई गेली आणि नाना एकटे पडले. मग गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा कुठं ते माझ्याकडं आले. तेही अटीवर. गाळा सोडायचा नाही, आणि दिवाळीला ते दुकानात असले पाहिजेत. मी रोज भांडायचे. त्या दुकानात आता कुत्रं फिरकत नाही, असंही मी एकदा बोलून गेले. ते म्हणायचे, "दिवाळी अंक आले आन् दुकान बंद दिसलं, तर लोक काय म्हणत्याल?"

पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमावा म्हणून मी मासिकं आणायचे. एकदा महिनाअखेरीला ऑफिसातून आले तर सगळ्या अंकांची कव्हरं फाडलेली, कडेला कड लावून सुतळीनं बांधलेली. "परताव्याला उशीर व्हायलाय," नाना म्हणाले.

"नाना, हे आपण विकत घेतलेत."

त्यांनी सुतळीची गाठ सोडली. "हां की," एवढंच म्हणाले. मी हसण्यावारी नेलं, त्यांना हसता आलं नाही. जेवण होईपर्यंत ते डिंक घेऊन एकेक कव्हर परत चिकटवत बसले होते.

दिवाळीत आम्ही गावी गेलो. वितरकानं फोनवरच सांगितलं होतं, की तुमच्या भागात आता पार्सल पाठवत नाही. तरी नानांनी शटर उघडलं, धूळ झटकली आणि परताव्याला राहून गेलेले मागच्या वर्षीचे दिवाळी अंक मांडून बसले. लोक आले, प्रेमानं बोलले, कुणी चार्जर आहे का विचारलं, कुणी पाण्याची बाटली. अंकाला कुणी हात लावला नाही.

सण झाला आणि ट्रॅक्टर थांबू लागले. दरवर्षी येणारी कौसाबाई आली. "नाना, बिनकव्हराची हायत का? नातीला पायजेत. शाळा बुडायली तिची."

नानांनी मांडलेले सगळे अंक गोळा केले आणि तिच्यापुढं धरले. रंगीत, गुळगुळीत कव्हरांसकट. कौसाबाई मागं सरली. "ही नगंत. इकायची हायत ही."

"घे," नाना म्हणाले. "आता कव्हरं धाडायची कुणाला?"

गाळा सोडा म्हणून मी वर्षभर डोकं फोडलं होतं. त्या क्षणी माझ्या मनासारखं झालं, आणि मी रिकामी फळी पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी नानांनी गाळ्याच्या मालकाला किल्ली दिली. मग आम्ही स्टँडच्या बाकड्यावर इतर लोकांसारखे बसून राहिलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाबा, पुण्याची गाडी हितंच लागती का?"

ज्या माणसाचा जन्म ह्या एका प्रश्नाचं उत्तर देण्यात गेला, तो म्हणाला, "काय म्हाईत बाई. आमी बी पाव्हणेच हाव."

गाडी तिथंच लागली.

पुण्यात आजही कुणी मला गाव विचारलं की मी पटकन घाटनांदूर म्हणते. नानांना विचारलं, तर ते माझ्याकडं बघतात.