मागचं घर
शेजारच्या फ्लॅटला ऑइलपेंट लागला, की त्या वासानं मला करकंबची मावशी आठवते. तिच्या नव्या घराचा पोपटी रंग अजून वाळायचा होता आणि नवी पेठेतून घेतलेला माझा कॅमेराही तितकाच नवा होता. क्लासमध्ये नुकतंच शिकवलं होतं, की मागचं सगळं धूसर केलं की चेहरा उठून दिसतो. मावशी डोक्यावर पदर घेऊन दारासमोर उभी राहिली. उसावरून आलेलं उतरतं ऊन तिच्या गालावर होतं. फोटोत सुरकुती न् सुरकुती आली, मागं नुसता पोपटी ढग. मी कौतुकानं स्क्रीन दाखवली. "आन् घर कुटं गेलं?" तिनं विचारलं. मी चेहऱ्याचं सांगायला लागलो. "माजं त्वांड नातेपुत्याच्या भावांनी बघितलंय की. घर न्हाय बघितलं. पुस ते." मी पुसला आणि रस्त्यापर्यंत मागं जाऊन दुसरा काढला. पायऱ्या, खिडक्या, गच्चीवरची टाकी, सगळं आलं. तोच तिच्या माहेरी भिंतीवर लागला. मावशी आता नाही. कधी तिचा चेहरा बघावासा वाटला, की मी तो फोटो स्क्रीनवर मोठा करत जातो. डोळे दिसायच्या आतच तिचे रंगीत चौकोन होतात. मग पुन्हा लहान करतो. घर छान आलंय.