उघाडी टाकली

माझ्यामुळे एका माणसाची नोकरी गेली. मी कुणाची चुगली केली नव्हती की खोटं लिहिलं नव्हतं. उलट मी फार चोख काम करते अशी माझी त्या वेळी स्वतःबद्दल खात्री होती. आता ऐंशीच्या घरात आले तरी कारखान्यातली ती दुपार आठवली की मला स्वतःचीच चीड येते.

साठच्या दशकातली गोष्ट. नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणी ऐकलेलं नव्हतं. ठाण्याहून बेलापूरकडे एक रस्ता जायचा. त्याच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला भातशेती, मिठागरं आणि खाडी. मधूनमधून नव्या कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहायला लागल्या होत्या. पावणे गावाच्या अलीकडे रसायनांचा एक कारखाना होता, तिथे मी आठवड्यातले तीन दिवस जात असे. मी संख्याशास्त्र शिकलेली, आणि मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात आमच्या सरांच्या हाताखाली संशोधन सहायक. सरांचा विषय माणूस आणि यंत्र. यंत्रापुढे बसलेल्या माणसाचा हात आपसूक कुठे जातो, तो कुठे गोंधळतो, कुठला दांडा कसा बसवला तर चुका कमी होतील, असं सगळं. या विषयाला तेव्हा मराठीत धड नावही नव्हतं. माझी आई शेजारणींना सांगायची, "आमची कारखान्यात लोकांच्या चुका मोजायला जाते." मला असा राग यायचा! पण आई सांगत होती ते शंभर टक्के खरं होतं.

कारखान्यात एक कंट्रोल रूम होती. तिथे परदेशातून आणलेलं हिरव्या रंगाचं लांबलचक पॅनेल, त्यावर घड्याळासारख्या तबकड्या आणि खाली दांड्यांची रांग. दांडा जितका खाली ओढावा तितका टाकीत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडायचा, पूर्ण वर केला की बंद व्हायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या ठाण्याच्या घरातही दिव्याचं बटण खाली दाबलं की दिवा लागायचा.

ऑपरेटरच्या हातून काही चुकलं की मी एक फॉर्म भरायची. काय झालं, तो काय म्हणाला, ते बरोबर उतरल्याची खूण म्हणून खाली त्याचा अंगठा, आणि शेवटी एका चौकटीत कारणाचा आकडा. एक म्हणजे यंत्राचा बिघाड, दोन म्हणजे पॅनेलच्या रचनेतला दोष, तीन म्हणजे माणसाची चूक आणि चार म्हणजे निष्काळजीपणा. मग त्या आकड्यांची भोकं जाड कार्डांवर पाडली जायची आणि कार्डांचे गठ्ठे मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेच्या कॉम्प्युटरवर जायचे. एक अख्खी खोली व्यापणारं ते धूड. त्याच्यासाठी खोलीत गारवा ठेवलेला, आणि आम्हाला त्याची वेळ मागून घ्यावी लागायची. त्याला हकिकत नको असायची, आकडा हवा असायचा.

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्या ऑपरेटरांना उभं करून सांगितलं होतं, की फॉर्मवर कुणाचं नाव नसेल, नुसता क्रमांक असेल, आणि हे कागद मॅनेजरसाहेबांच्या हातात कधीही जाणार नाहीत, तेव्हा मोकळेपणाने बोला. सर मराठी नव्हते. ते इंग्रजीत बोलले आणि मराठीत मी सांगितलं. म्हणजे त्या लोकांनी ऐकला तो शब्द माझा होता. मला या कामावर घेतलं तेच मुळी मराठी येतं म्हणून.

क्रमांक सातचे ऑपरेटर जवळच्याच गावातले आगरी होते. चाळिशीचे, काटक, बोलायला मोठे गमत्ये. त्यांची शेती याच कारखान्याखाली गेलेली आणि तिच्या बदल्यात ही नोकरी मिळालेली. कारखान्याने गावातले पाच-सहा जण शिकवून पॅनेलवर बसवले होते, त्यांत हे सगळ्यात तरबेज. एकदा मला म्हणाले, "बाय, तू यो सगला लिवतंस, त्याचा काय व्हतं?"

मी म्हटलं, "मुंबईत एक मोठं यंत्र आहे, ते वाचतं."

"अगो! यंत्राला वाचता येतं? आनि मना नाय येत!" असं म्हणून ते इतके हसले की मलाही हसू आवरेना. ते मला "बाय, तू" म्हणत. कॉलेजात कुणी असं म्हटलं असतं तर मी फाडून खाल्लं असतं, पण त्यांच्या तोंडी ते मला आवडायचं.

आणि मग ती दुपार आली. टाकी भरताना दांडा अर्ध्यावर ठेवलेला असे, आणि ती भरत आली की घंटा वाजायची. त्या दिवशी घंटा वाजली तेव्हा सातनंबर खोलीच्या दुसऱ्या टोकाला तबकडीचा काटा बघत होते. मी बाहेर व्हरांड्यात फॉर्म लावत बसले होते. आतून धावण्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने खालून किंकाळी. टाकी भरून वाहिली होती. कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी खाली काम करणाऱ्या फिटरच्या पायावर पडलं होतं. गडी साताऱ्याकडचा, सातनंबरांच्याच गावात खोली घेऊन राहणारा. त्याला जीपमध्ये घालून ठाण्याला नेईपर्यंत तो ओरडत होता.

मी आत गेले. सातनंबर पॅनेलपुढे उभे होते. मी विचारलं, "काय झालं नक्की?"

"मी उघाडी टाकली," ते म्हणाले. "धावत येऊन उघाडी टाकली, बाय. मंग पानी कुठशी आयला?"

"टाकलीत? तुम्हीच?"

"हां, मीच. दुसरा कोन टाकील?"

माझं डोकंच फिरलं. बाहेर माणूस भाजून निघालाय आणि हे महाशय छाती पुढे काढून सांगतायत, की मीच उघडी टाकली! कारण मी ऐकलं ते "उघडी". मधला तो लांब "आ" मी आगरी हेल म्हणून सोडून दिला. धावत येऊन कुणी काही उघडं टाकतं का, हा साधा प्रश्न मला पडला नाही. मी रागात होते, आणि रागात असले की मला सगळं एकदम समजल्यासारखं वाटतं. मी लिहिलं, "ऑपरेटरने व्हॉल्व्ह उघडा टाकल्याचे स्वतः कबूल केले." चौकटीत चारचा आकडा घातला, फॉर्म त्यांच्यापुढे धरला, आणि त्यांनी शाईत अंगठा बुडवून खाली उठवला.

पुढचं फार झटपट झालं. मॅनेजरांनी सरांकडे तो फॉर्म मागितला आणि सरांनी दिला. कारखाना आपल्याला आत येऊ देतो, आपण इतकंही करायचं नाही का, असं ते मला म्हणाले. मी विरोध केला का? अजिबात नाही. मला तर तेव्हा वाटलं, बरी अद्दल घडली. सातनंबरांना कामावरून काढून टाकलं. गावातल्या बाकीच्यांनाही पॅनेलवरून उठवून गोणी भरण्याच्या कामाला लावलं. आता ते मला पाहिलं की तोंड फिरवायचे. काय तोरा यांचा, असं मी मनात म्हणायची, पण आत कुठे तरी खुपायचं. शब्द दिला होता तो मी, आणि तो मोडला होता.

दीडेक महिना गेला असेल. एका सकाळी कंपनीची बस वाटेत बंद पडली. मी म्हटलं, चालत जाऊ, आणि शेतांच्या कडेच्या बांधावरून निघाले. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथे मातीचे मोठे बांध असत आणि बांधाला जागोजागी पाण्यासाठी लाकडी दारं. भरतीची वेळ होती, पाणी चढत होतं. शेतातून एक बाई बांधावरच्या दुसरीला ओरडली, "पानी चरला गो, उघाडी टाक!"

दुसरीने वर उचलून धरलेली जाड फळी खोबणीतून खाली सोडली. धप्प आवाज झाला आणि आत येणारं पाणी थांबलं.

मी तिथेच खिळले. त्या बाईला विचारलं, "याला काय म्हणता तुम्ही?"

"उघाडी."

"आणि उघाडी टाकली म्हणजे?"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हंजे बंद केली. फली खाली टाकली का पानी बंद, वर वडली का पानी चालू. कनच्या गावची गो तू?"

मी बांधावरच बसले. म्हणजे त्यांनी मला काय सांगितलं होतं? धावत येऊन मी बंद केली, मग पाणी आलं कुठून? आणि त्यांनी बंद केलीच होती, त्यांच्या हाताला ठाऊक होती तशी. लहानपणापासून हजार वेळा केलेली. खाली टाकली की बंद. एरवी त्या परक्या पॅनेलचा उलटा कायदा ते लक्षात ठेवून वागत असत, पण घंटा वाजली, धाव घेतली, आणि घाईत हात आपल्या जुन्या वाटेने गेला. घाईत माणसाचा हात कुठे जातो हे शोधायलाच तर आम्ही तिथे गेलो होतो! त्यांनी ते उत्तर सबंध माझ्या हातात ठेवलं होतं आणि मी त्याला निष्काळजीपणा म्हणून आकडा दिला होता. मी तिथे मोठ्याने रडले. त्या बायका काम टाकून बघत राहिल्या.

सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. एवढा आनंद त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता. हा तर शोधनिबंधाचा विषय आहे, म्हणाले. त्यांनी लगेच सातनंबरचं कार्ड काढायला लावलं, चारच्या जागी दोनचं भोक पाडलेलं नवं कार्ड एका मिनिटात तयार झालं, आणि जुनं टोपलीत गेलं.

मी म्हटलं, "आणि माणसाचं काय, सर? कारखान्याला पत्र लिहा."

सर परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, की पुढच्या वर्षीही आपल्याला त्या कारखान्यात जायचंय, त्यांच्या कारभारात आपण पडू नये. मी टेबलावर हात आपटला, नको नको ते बोलले. शेवटी सर म्हणाले, "तुम्हाला जायचं तर तुम्ही जा."

मी गेले. मॅनेजरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, फार उपयोगाची माहिती दिलीत, सगळे दांडे उलटे बसवून घेतो.

"मग त्यांना परत घ्या," मी म्हटलं.

"ते कसं घेणार? त्यांनी स्वतः कबूल केलंय." त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. "तुमचंच अक्षर आहे ना, बाई?"

माझंच होतं. सुबक, वळणदार.

त्यानंतर आठ दिवस मी टाळाटाळ केली. मग एका रविवारी त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. "या म्याडम," म्हणाले. बायकोला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मी पाण्याला हात न लावता सगळं सांगितलं, माझं ऐकणं, माझा राग, बांधावरची बाई, मॅनेजर, काही लपवलं नाही. ते खाली बघत ऐकत होते.

"म्हंजे तुमाला वाटला, मी तशीच सोडून दिली?"

"हो."

त्यांनी मान वर केली. मग समोरच्या गल्लीकडे बोट केलं. तो फिटर तिथेच राहत होता. "त्यो रोज हितनं लंगडत जातो. माज्याकडं बगत नाय. आदी माज्या घरान जेवायचा त्यो. नोकरी जाऊ दे, मिठागरावं जाईन मी. पन त्याला कोनीतरी सांगा, का मी बंद केली व्हती. त्याला वाचता येतं. लिवून द्या."

मी पर्समधून कागद काढला आणि ओट्यावर बसूनच लिहिलं. यांनी धावत येऊन पाणी बंद करण्यासाठी दांडा खाली टाकला होता, पॅनेल उलटं होतं, यांचं बोलणं मी चुकीचं समजले आणि चुकीचं लिहिलं, दोष माझा आहे. खाली पूर्ण नावानिशी सही केली.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मी पुन्हा वाचलं.

"आता त्या दिशी लिवला व्हता त्यो वाचा."

"तो कागद इथे नाही."

"पाठ नाय तुमाला?"

पाठ होताच. मी मान खाली घालून म्हटलं, "ऑपरेटरने व्हॉल्व्ह उघडा टाकल्याचे स्वतः कबूल केले."

त्यांनी उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवला आणि अंगठ्याकडे बघत राहिले.

"याच्याखाली मी आंगठा दिला?"

"हो," मी म्हणाले.

"मना वाटला, मी बोललू त्योच लिवलाय तू."