देवमाशाची बाजू मांडायला काळेवाडीला

आमच्या घरात नातीला वादविवाद स्पर्धेला न्यायला कोणी रिकामं नव्हतं. मुलगा पहिल्या शिफ्टला, सून जनरलला. उरले मी. मुलानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "आई, यंदा नंबर आला न्हाई तर तन्वीची भाषणं बंद. गुमान क्लासला जायचं."

राजगुरुनगरहून काळेवाडीला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा : सकाळी लवकर निघा. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पण चाकणच्या चौकात वेळ पुरा जातो. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर आणि मध्येच घुसणारे मोटारसायकलवाले. त्यांना घरी कोणी विचारत नसावं, तरी इतकी घाई.

चौकात अडकलो तेव्हा मी विचारलं, "बोलणार काय तू?"

"देवमाशांची शिकार बंद करा. दोन-तीन देश अजून विकायला मारतात, आजी. देवमाशाला काही वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं. मागं इतके मारले, की काही जाती संपायलाच आल्या होत्या."

"खातो किती?"

"टनानं."

"मग मारला तर बरंच की. कोळ्याला मासळी जास्त."

पोरगी खिडकीबाहेर बघायला लागली. शेजारची बाई मला म्हणाली, "मावशी, धीर द्या की तिला."

"धीर कशाला? तिथं कोणी विचारलं तर?"

नाशिक फाट्याला उतरलो. कासारवाडीत मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव शिळा. तन्वीनं घासही गिळला नाही, वहीत काहीतरी शोधत बसली. पुढं रिक्षानं काळेवाडीची शाळा. रिक्षात बसण्याआधीच भाडं ठरवा.

हॉल भरलेला. तन्वी बरी बोलली. मग समोरच्या बाजूचा टायवाला पोरगा उठला. "एकेक देवमासा टनावारी फस्त करतो. मग कोळ्यांनी काय वाळू खायची?"

टाळ्या पडल्या. हाच प्रश्न मी बसमध्ये विचारला होता आणि ती खिडकीबाहेर बघत बसली होती.

तन्वीनं माईक जवळ ओढला. "तुमच्याकडं शेत हाय का?"

"नाही."

"आमच्याकडं हाय. पीक निघालं की आम्ही धनगराच्या मेंढ्या रानात बसवतो. त्या चारा आमचाच खातात, वर धनगराला धान्य आम्हीच देतो. का? लेंडीखतासाठी. देवमासा खोल पाण्यात खातो आणि वर येऊन..." ती अडली.

"हागतो!" मी मागून ओरडले.

हॉल हसून लोळला. परीक्षक बाईंनी तोंडाला पदर लावला.

"हां, तेच," तन्वी म्हणाली. "त्या खतावर पाण्यातलं बारीक शेवाळ वाढतं, त्यावर किडे, किड्यांवर मासळी. मेंढ्या कापून चारा वाचवला, तर पुढच्या साली रानात काय पिकंल? आणि देवमासा तर धान्यसुद्धा मागत न्हाई."

टायवाला पोरगा खाली बसला. पहिला नंबर आमचा.

येताना उभ्यानं आलो, पण तन्वीनं दोन वडापाव खाल्ले. समुद्र मी पाहिलेला नाही, या वयात हौसही नाही. पण तिकडं कोणी फुकट खत टाकत असताना त्याला मारून विकणाऱ्याला अक्कल नाही, एवढं मला त्या हॉलमध्ये पटलं. पटवलं ते आमच्या पोरीनं.

घरी मुलगा बक्षिसाची ढाल हातात घेऊन उलटीसुलटी बघत बसला. मग म्हणाला, "पुढच्या स्पर्धेला मीच सुट्टी टाकतो."

"तू ओव्हरटाइम कर," मी म्हणाले. "पोरीबरोबर मी जाणार हाय."