नावपत्त्यासकट

शशिधर टिपणीस भित्रे होते. हे गोड शब्दांत गुंडाळून सांगण्यात काही अर्थ नाही. बसच्या ड्रायव्हरनं सुटे कमी दिले तर ते तसेच खिशात टाकून पुढे सरकत. रात्री दाराची कडी लावून जिना चढत आणि अर्ध्यावरून परत येऊन ती ओढून बघत. बायको वरून ओरडे, "अहो, तीच कडी आहे, बदलली नाही कुणी!" तरी त्यांचं चालूच.

मँचेस्टरजवळच्या स्ट्रेटफर्डमध्ये, लाल विटांच्या एका गल्लीत, त्यांचा सगळा संसार झाला. नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत. कँटीनमध्ये राजकारणावरून भांडणं जुंपली की टिपणीस डबा उघडून चावत बसायचे. कुणी मुद्दाम खिजवायला विचारी, "तुझं काय मत, शॅश?"

"मी शाकाहारी आहे," टिपणीस म्हणायचे. सगळे हसायचे आणि त्यांची सुटका व्हायची. महाराष्ट्र मंडळात दिल्ली-मुंबईवरून आवाज चढले की ते चहाचे कप गोळा करायला उठत.

पण हा माणूस असा जन्मला नव्हता. पुण्यात कॉलेजात असताना वर्तमानपत्राला पत्रं लिहिण्याचा त्यांना नाद होता. एसटी स्टँडवरचे बंद नळ, वसतिगृहाची खाणावळ, विद्यापीठाच्या निवडणुका, काही म्हणून सोडायचे नाहीत. आणि प्रत्येक पत्राखाली पूर्ण नाव, पत्ता, गाव. अलिबागला हेडमास्तर असलेल्या वडिलांनी बजावूनच ठेवलं होतं, "खाली नावपत्ता नसेल तर ते पत्र नव्हे, ती चुगली."

विलायतेत आल्यावर त्यांनी एकच पत्र लिहिलं. शहाहत्तर साली गल्लीत कुणीतरी काळ्या-गोऱ्यांवरून एक घाणेरडं पत्रक वाटलं होतं, त्याबद्दल. स्थानिक पेपरात ते छापून आलं, नावपत्त्यासकट. नंतर पाच नोव्हेंबर आला. त्या संध्याकाळी इथे घरोघर होळ्या पेटतात, फटाके उडतात. टिपणिसांच्या दाराच्या पत्रपेटीच्या फटीतून एक पेटता फटाका आत आला. पॅसेजमध्ये बाबागाडीत त्यांची दोन वर्षांची मुलगी मंजिरी झोपली होती. पायपुसणं पेटलं, तिच्या दुलईची कड करपली. बायकोनं, उल्काताईंनी, हातातलं तापायला ठेवायचं दूध तसंच ओतून ते विझवलं.

पोलीस आले तेव्हा टिपणीस म्हणाले, "पोरांचा खोडसाळपणा असेल. तक्रार नाही." त्यांनी समोरच्या फुटपाथवरून पळणारी पोरं ओळखली होती. नावं घेतली नाहीत.

तेव्हापासून दरवर्षी ऑक्टोबर सरत आला की ते पत्रपेटीच्या फटीवर आतून चिकटपट्टी मारत आणि नोव्हेंबरच्या मध्यावर काढत. तोवर बिचारा पोस्टमन पत्रं उंबऱ्यावर ठेवी. कुठल्याही विषयावर टिपणिसांनी पुन्हा चार लोकांत मत दिलं नाही.

आणि मग निवृत्तीनंतर मंजिरीनं त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला.

कुठून कसे ते अमेरिकन निवडणुकांवर गप्पा मारणाऱ्या एका साइटवर जाऊन पोचले, देव जाणे. 'क्लोकरूम' तिचं नाव. माणसं तिकडचीच. कुणी ट्रक चालवणारा, कुणी नर्स, कुणी शाळामास्तर. दिवसभर एकच चर्चा: तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, कोण येणार, कोण पडणार. टिपणीस आधी नुसते वाचत. मग एका नर्सनं कुठल्यातरी मतदारसंघाची टक्केवारी चुकीची लिहिली, तेव्हा त्यांना राहवलं नाही. दुरुस्ती लिहिली. नर्सनं आभार मानले. कुणी त्यांच्या घरात काही फेकलं नाही.

झालं. तीस वर्षं दाबून ठेवलेला माणूस उसळून वर आला. कनिष्ठ सभागृहाच्या चारशे पस्तीस जागा दर दोन वर्षांनी निवडून येतात. टिपणीस त्यांचा असा अभ्यास करू लागले जसा कधी पाण्याच्या नमुन्यांचा केला होता. कोणत्या गावात कारखाना बंद पडला, कुठल्या चर्चचा पाद्री कुणाच्या बाजूनं बोलला, सगळं तोंडपाठ. त्या साइटवर बाकीच्यांना टोपणनावं होती. हे मात्र प्रत्येक मजकुराखाली लिहीत: शशिधर टिपणीस, घर नंबर, रस्ता, स्ट्रेटफर्ड, मँचेस्टर. वर फोन नंबरही, कारण संपादकाला खातरजमा करायला तो लागतो!

भित्र्या माणसानं असं का करावं? तर इथल्या राजकारणाची भीती वाटत होती, तिकडच्याची नव्हती. मध्ये अख्खा अटलांटिक होता. तो ओलांडून फटाका टाकायला कोण येतंय? तिकडे लिहिताना ते पुण्यातले जुने टिपणीस व्हायचे, आणि जुने टिपणीस नाव लपवत नसत.

दोन हजार सहाची निवडणूक सात नोव्हेंबरला, मंगळवारी होती. 'क्लोकरूम'वर प्रत्येकानं जागांचे अंदाज लिहायचे आणि मतमोजणी सुरू होईपर्यंत ते हवे तर बदलायचे, अशी रीत होती. ओहायोतल्या एका जागेबद्दल टिपणिसांनी लिहिलं की विद्यमान खासदार थोडक्यात पडणार. कारणंही दिली, मुद्देसूद.

त्या मतदारसंघात राहणारा रॉन म्हणून एक जण होता. तो आधी चिडला, मग शिव्यांवर आला. शुक्रवारी त्यानं लिहिलं: "आमच्या माणसाला पाडायला निघालेला तू परदेशी कोण? तुझा पत्ता तूच दिलायस. माझा मेहुणा इंग्लंडमध्येच आहे, आमच्या विमानदळाच्या तळावर. मंगळवारपर्यंत अंदाज मागे घे आणि माफी माग. नाहीतर मंगळवारी तो तुझ्या त्या हिरव्या दारात उभा असेल."

टिपणिसांनी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. पत्ता ठीक. पण दार हिरवं आहे हे याला कसं ठाऊक?

आदल्या वर्षी लंडनमध्ये स्फोट झाल्यापासून ट्राममध्ये पाठीवर पिशवी घेतलेल्या सावळ्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते त्यांनी पाहिलं होतं. अमेरिकेच्या विमानदळातला माणूस दारात आला तर एकटा कशाला येईल? पोलिसांना घेऊनच येईल! म्हणेल, हा म्हातारा आमच्या निवडणुकीत लुडबुड करतो. आपण काय सांगायचं? शाकाहारी आहे?

शनिवारी फोन वाजला. उचलला तर पलीकडे कुणीच नाही, नुसती शांतता. रविवारी पुन्हा तेच. खिडक्या विकणाऱ्या कंपन्यांचे असले मुके फोन गेलं वर्षभर येतच होते, हे त्यांना आठवेना. त्या संध्याकाळी गल्लीत फटाके फुटत होते आणि टिपणीस पॅसेजमधला दिवा मालवून जिन्याच्या पायरीवर दाराकडे बघत बसले होते. पट्टीवर त्यांनी दुसरी पट्टी मारली होती, तिच्यावर तिसरी.

"काय चाललंय काय तुमचं?" सोमवारी उल्काताईंनी धरलंच. "फोन वाजला की कप हिंदकळतोय. जेवलाही नाहीत धड."

त्यांनी सांगितलं. उल्काताईंनी चष्मा लावून तो मजकूर वाचला, मग टिपणिसांच्या मजकुराखालची सही वाचली.

"फोन नंबरसुद्धा? अहो, गॅसचं मीटर कुठे आहे तेही लिहायचं होतं!"

"अगं, दार हिरवं आहे हे त्याला कसं कळलं?"

"तुम्हीच लिहिलं असणार. उन्हाळ्यात रंग देत होतात तेव्हा आठवडाभर दुसरं काही बोलत होतात का?"

खरंच होतं. जूनमध्ये त्यांनी साइटवरच त्या नर्सला हिरव्या रंगाचं सगळं वर्णन कळवलं होतं, ब्रशच्या मापासकट. हे कळूनही ते कडी ओढून बघायला उठलेच. भीतीला कारण लागतं ते सुरुवातीपुरतंच.

उल्काताईंनी मेडनहेडला मंजिरीला फोन लावला. ती पलीकडून किंचाळली, "बाबा! नेटवर address कोण टाकतो? तू पोलिसला सांगितली का?"

"पोलीस नको," टिपणीस घाईघाईनं म्हणाले. "उगाच वाढवायचं नाही. मी अंदाज मागे घेतो, विषय संपला."

"Why should you? मी त्या साइटच्या moderator ला लिहिते. पण तू sorry नाही बोलायचा. तू काय wrong केलाय?"

फोन ठेवल्यावर उल्काताई म्हणाल्या, "हे घर तेव्हाही माझ्या दुधानं वाचलं होतं, तुमच्या गप्प बसण्यानं नाही." आणि कुकर लावायला गेल्या. इतक्या वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

मंगळवार उजाडला. दुपारी उल्काताईंचा पोहण्याचा क्लास असे.

"आज नको जाऊस."

"त्या रॉनसाठी मी पोहणं सोडू? चार पौंड भरलेत," त्या म्हणाल्या, आणि टॉवेल पिशवीत कोंबून गेल्याही.

चार वाजून गेले तसा बाहेर अंधार पडला. टिपणिसांनी पडदे ओढून कॉम्प्युटर लावला. त्यांनी लिहिलं: "ओहायोबद्दलचा माझा अंदाज मी मागे घेत आहे. कुणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व." खाली सही करायला बोटं गेली आणि थबकली. नाव लिहावं की नाही? माफीच्या खाली नाव लिहिण्याची त्यांना लाज वाटली, आणि नाव न लिहिण्याचीही. रविवारपासून हा मजकूर ते मनात घोळवत होते, आणि आता एक बटण दाबलं की निवांत झोप मिळणार होती.

तेवढ्यात बेल वाजली.

टिपणीस खुर्चीतच गोठले. पुन्हा वाजली. मग दारावर मूठ आपटली. ते भिंतीला धरून पॅसेजमध्ये आले. दाराच्या वरच्या काचेत एक उंच काळी आकृती दिसत होती, डोक्यावर टोपी. आकृती वाकली. पत्रपेटीचं झाकण बाहेरून करकरलं आणि चिकटपट्टी आतल्या बाजूला फुगली. पट्टीच्या आडून चार बोटं ढकलत होती. एक कोपरा सुटला. फटीतून टॉर्चचा उजेड आत आला आणि जिथे बाबागाडी ठेवलेली असे, नेमका तिथेच पडला.

स्वयंपाकघरातून मागच्या दारानं निघता आलं असतं, शेजारी जाता आलं असतं. पण तो उजेड त्या जागी पडला आणि त्यांना दुलईची करपलेली कड दिसली, अगदी वासासकट. समोरच्या फुटपाथवरून पळणारी पोरंही दिसली. आणि आपण पोलिसांना काय सांगितलं, तेही आठवलं.

"मी अंदाज मागे घेणार नाही!" टिपणीस ओरडले. आवाज फाटला, इंग्रजी व्याकरण कुठल्याकुठे गेलं. "तुमचा माणूस पडणार! मी कारणं दिली आहेत! माझं नाव शशिधर टिपणीस! मी इथेच राहतो!"

बाहेरचा टॉर्च विझला.

मग पत्रपेटीतून अस्सल मँचेस्टरी आवाज आला, "राइट यू आर, दोस्त. मला फक्त गॅसचं मीटर बघायचंय. मागच्या आठवड्यात पण येऊन गेलो, पण येऊन गेल्याचं कार्ड तुमच्या पेटीतून आत जाईना."

साखळी काढायला त्यांना बराच वेळ लागला. पोरगेलासा मीटरवाला आत आला, जिन्याखाली वाकून आकडे टिपले आणि जाताना थांबला. "बसा जरा, साहेब. रंग उडालाय तुमचा. घरी आहे का कुणी?"

"पोहायला गेली आहे," टिपणीस म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी कडी लावली, ओढून बघितली, दाराला खुर्ची लावली. उगाच कशाला खोटं सांगा, भीती गेली नव्हती. खरा मेहुणा अजून यायचा असू शकत होता. पण कॉम्प्युटरसमोर येऊन त्यांनी माफीचा मजकूर मागून पुढे एकेक अक्षर खोडत नेला, पार कोरं होईपर्यंत.

त्या संध्याकाळी त्यांच्या दारात आणखी कुणी आलं नाही, केस ओले ठेवून उल्काताई आल्या तेवढ्याच. "खुर्ची काढा, मी आहे!" असं त्यांना बाहेरून दोनदा ओरडावं लागलं.

सकाळी निकाल आले. दोन्ही सभागृहांचं पारडं फिरत होतं, व्हर्जिनियाची मोजणी रेंगाळली होती. आणि ओहायोतला तो खासदार निसटता का होईना, निवडून आला होता. टिपणिसांचा अंदाज साफ चुकला!

"म्हणजे एवढा आरडाओरडा केलात तो चुकीच्या अंदाजासाठी?" उल्काताईंनी विचारलं.

"हो," टिपणीस म्हणाले. त्यांना हसू येत होतं, आणि ते का, हे सांगता येत नव्हतं.

मंजिरीच्या तक्रारीमुळे रॉनला साइटवरून काढून टाकलं होतं. त्याला मेहुणा खरोखर होता की नव्हता, ते कधीच कळलं नाही. टिपणीस पुढे बरेच दिवस ट्राममधून उतरल्यावर मागे वळून बघत असत. पण त्या सकाळी त्यांनी लिहिलं, "माझा अंदाज चुकला. विजयी उमेदवाराचं अभिनंदन." खाली सही केली: शशिधर टिपणीस, मँचेस्टर. घर नंबर आणि फोन उल्काताईंनी मागे उभं राहून खोडायला लावले.

मग ते पॅसेजमध्ये गेले आणि पत्रपेटीवरच्या तिन्ही पट्ट्या ओढून काढल्या. यंदा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबले नाहीत. पट्ट्यांबरोबर दाराचा रंगही पोपडे धरून निघाला. ते परत येऊन बसले आणि त्या नर्ससाठी आणखी एक ओळ लिहिली, की येत्या उन्हाळ्यात दाराला पुन्हा रंग द्यावा लागणार.

कोणता, ते मात्र लिहिलं नाही.