किरपारामांसाठी एक सिनेमा

आठ मिनिटांचा सिनेमा काढायला काय काय लागतं, ते मला विचारा. विमलबाई खातूंच्या सिनेमात पहिलं गेलं ते जेवायचं टेबल. एका चित्रावरून दुसरं गिरवायला खाली दिवा आणि वर काच बसवायची म्हणून त्या शिसवी टेबलाच्या मधोमध सुताराकडून भोक पाडून घेतलं, आणि तेव्हापासून बाई आपल्या थोरल्या भावाच्या, आप्पांच्या, खाटेशेजारी ताट मांडीवर घेऊन जेवतात. मग आईच्या पाटल्या गेल्या. उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या, चष्म्याचे नंबर वाढत गेले. शेवटी दिवाळीच्या फराळाचं तांदळाचं पीठही गेलं. ते माझ्यामुळे गेलं, त्याचा खुलासा पुढे येईल.

बाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या शिकवण्याबद्दल या गौरवग्रंथात जाणकार मंडळी लिहितीलच. मी मंडणगडाकडून शिडी आणि दुसऱ्याचे भोंगे खांद्यावर घेऊन रत्नागिरीत आलेला माणूस. पण बाईंच्या सिनेमात माझा हात आहे, म्हणून संपादकांनी मलाही पान दिलं आहे.

पहिली ओळख भांडणाने व्हायची, ते थोडक्यात टळलं. मुलींच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि मी आंब्याच्या झाडावर भोंगा बांधला होता. चित्रकलेच्या वर्गातून एक उंच, सडपातळ बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "अहो, तो भोंगा जरा खाडीकडे वळवा. माशांना कमी ऐकू येतं."

मी वळवला. त्या परत गेल्या नाहीत. थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि विचारलं, "आता गोड का लागतोय?"

"मघाशी भिंतीवर आपटून परत येत होता, बाई."

"तुम्हाला कान आहे," त्या म्हणाल्या. तोवर माझ्याकडे शिडी सोडून काही आहे, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

समोरच्याकडे काय आहे ते पाहायचं, ही बाईंची शिकवायची रीत. परीक्षेत एकदा 'माझे बाबा' हा विषय होता. बोटीवर नोकरीला असलेल्या एका खलाशाच्या मुलीने नुसती बोट काढली, तीही मागच्या बाजूने. परीक्षकांनी शून्य दिलं. बाईंनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मी बोट जातानाच पाहते. येताना मी शाळेत असते." बाईंनी ते चित्र चौकट करून मुख्याध्यापिकांच्या खोलीत लावलं. आजही ते तिथे आहे.

आता सिनेमाची हकीकत. बाईंच्या घरची थोडी हापूसची कलमं आहेत. एका हंगामात आंब्याच्या पेट्यांना फळ्या कमी पडल्या, तेव्हा मुंबईच्या दलालाने सफरचंदांच्या रिकाम्या पेट्या पाठवून दिल्या. त्यातल्या एका फळीवर आतल्या बाजूने कोणी कोळशाने पक्षी काढला होता. बसलेला, मान वळवून मागे बघणारा. बाहेरच्या बाजूला हिमाचलातल्या बागेचं नाव आणि गाव होतं. दुसरं कोणी असतं तर पेटी भरून मोकळं झालं असतं. बाईंनी पोस्टकार्डावर आपल्या अंगणातला खंड्या काढला आणि त्या पत्त्यावर धाडून दिला.

उत्तर आलं. तेही चित्रच. पेट्या भरणारे किरपाराम यांना लिहिता येत नव्हतं. बागेच्या मुनिमाने खाली फक्त नाव घातलं होतं. तेव्हापासून वर्षानुवर्षं हा पत्रव्यवहार चालला, आणि त्यात शब्द नव्हते. इकडून होडी, फणस, अर्धांगाने खाटेवर पडलेले आप्पा. तिकडून बर्फाखाली वाकलेली फांदी, शेळी, नातवाची टोपी. एकदा किरपारामांनी रिकामी चूल काढली, तेव्हा त्यांची बायको गेली हे बाईंना कळलं, आणि त्या दिवशी त्यांनी वर्ग घेतला नाही.

आप्पांना सोडून बाईंना रात्रभरसुद्धा कुठे जाता येत नसे. त्यामुळे भेटीचा प्रश्नच नव्हता.

मग चित्रं बिघडू लागली. पक्ष्याचे पाय पोटापासून सुटे पडू लागले, शेळीचं शिंग शेळीच्या बाजूला तरंगू लागलं. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "म्हातारबुवांचा हात कापायला लागला वाटतं." विमलबाईंनी मान हलवली. "हात थरथरला तर रेघ वाकडी येते. ही रेघ सरळ आहे, पण जागा चुकलीय. त्यांना दिसेनासं होतंय."

त्याच आठवड्यात सुतार घरी आला. दोघांची मैत्री चित्रांतूनच सांगणारा, मुलं ज्याला कार्टून म्हणतात तसा सिनेमा काढायचा, आणि किरपारामांची नजर आहे तोवर त्यांना दाखवायचा, एवढंच बाईंच्या मनात होतं. कॅमेरा मुंबईला जाहिरातींचे सिनेमे करणाऱ्या त्यांच्या भाच्याने, शिरीषने, उसना दिला. बाई शाळा, स्वयंपाक आणि आप्पांचं सगळं करून चित्रं काढत. पावसाळ्यात आमच्याकडचा कागद भाकरीसारखा फुगतो. कालच्या चित्रावर आजचं चित्र बसेना, डोंगर थरथरू लागले. बाई चुलीच्या उबेला कागद सुकवत आणि पुन्हा काढत. भाचा आला तेव्हा मी तिथेच होतो.

"आत्या, शेवटी दोघं भेटू देत ना. लोक टाळ्या देतील."

"आम्ही कुठे भेटलोय?"

"सिनेमात चालतं गं."

"चालत असेल. पण बघणारा तो आहे, त्याला मी थाप मारू?"

शेवट बदलला नाही. मात्र चित्रं पुरी होत आली आणि हिमाचलातून चित्र नसलेलं पोस्टकार्ड आलं. पत्ता मुनिमाच्या हातचा होता. मागे कोळशाचे काळे ठसे होते, बोटांचे. बाईंनी ते आप्पांना दाखवलं. मग त्या मारुती आळीतल्या माझ्या भोंग्यांच्या दुकानात आल्या. "दिनकर, आता हा सिनेमा कानाने दिसायला हवा."

मी कामाला लागलो. पेंढ्यात आंबा ठेवल्याचा आवाज, फळीवर ठोकलेल्या खिळ्याचा, खंड्याचा, पोस्टमनच्या सायकलचा. सगळं जमलं. अडलो तो बर्फावरच्या पावलांशी. आमच्या गावचे सुभेदार कदम रजेवर आले होते. त्यांची पलटण हिमाचलात, किरपारामांच्या गावाजवळच होती. मी बाईंच्या डब्यातलं तांदळाचं पीठ फडक्यात बांधलं, मुठीने दाबलं आणि त्यांना ऐकवलं.

"असाच वाजतो रे दिनू," सुभेदार डोळे मिटून म्हणाले. "पन तुजा बर्फ जरा गरम वाटतो."

"पीठ गार कसं करू?"

"हळू दाब. तिकडं मानूस घाईत चालत नाय."

हळू दाबून दाबून डबा संपला आणि त्या दिवाळीला चकल्या झाल्या नाहीत. तरी बाईंनी सिनेमाच्या सुरुवातीला स्वतःच्या नावाआधी माझं नाव स्वतःच्या हाताने रंगवलं. मी नको म्हणालो, तर म्हणाल्या, "ज्याच्यासाठी काढला त्याच्यापर्यंत तुम्ही पोचवणार. मी फक्त काढलाय."

शाळेच्या सभागृहात खेळ झाला तेव्हा मुलींना डोळे मिटून बसायला सांगितलं होतं, आणि बर्फाच्या आवाजाला पहिल्या रांगेतल्या मुलींनी पाय पोटाशी घेतले. त्यानंतर रीळ सुभेदारांच्या ट्रंकेतून हिमाचलला गेलं. मी मात्र साऱ्या मारुती आळीत सांगत सुटलो की, डोळे गेलेल्या माणसाला सिनेमा दाखवणारा अख्ख्या हिंदुस्थानात मी एकटा. लग्नांत माइक तपासतानासुद्धा हेच सांगायचो.

बाईंची साठी म्हणजे आम्हा मंडळींच्या दृष्टीने सुट्टी लागण्याचा दिवस, काम संपण्याचा नव्हे. त्यांच्या टेबलावर अजून काच आहे आणि काचेखाली दिवा जळतो. त्यांची नजर अशीच शाबूत राहो, गुडघे कुरकुर न करोत, आप्पांची सोबत त्यांना लाभो, आणि हिमाचलची टपाल थैली त्यांच्या दारात रिकामी न येवो. पंचाहत्तरीच्या ग्रंथाला मी हयात असलो तर लेख आणि भोंगा दोन्ही माझ्याकडून.

आता हिमाचलातला खेळ कसा झाला तेवढं राहिलं. सुभेदार पुढच्या रजेवर आले तेव्हा त्यांनी सांगितलं. खेळ पलटणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. किरपारामांना मानाने खुर्ची दिली, ती नेमकी प्रोजेक्टरला लागून. प्रोजेक्टरची घरघर आणि बाहेर जनरेटरची धडधड, त्यात सिनेमाचा एकही आवाज कोणाला ऐकू आला नाही. सुभेदार कदम किरपारामांच्या कानाशी तोंड नेऊन बसले आणि सगळा सिनेमा त्यांनी आपल्या मंडणगडी हिंदीत सांगितला.