साताऱ्याचा पत्ता सांगणारी देवी

चहा ठेवा तिथंच, जरा निवू दे. मला हल्ली गरम चालत नाही, आणि का चालत नाही तेच सांगायला बसलेय. हसायचं असेल तर आताच हसून घ्या, कारण पुढं मी जो घोळ घातलाय तो ऐकून मला हसावं का जोड्यानं मारावं हेच तुम्हाला कळायचं नाही. अहो, गावच्या बायका माझ्या पाया पडत होत्या, आणि मी पडू देत होते!

औंधच्या अलीकडं आमचं गाव. घरात आम्ही तिघं. मी, आमचे सुभेदार म्हणजे आमचे मालक, फौजेतनं रिटायर झालेले, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मी बायकांचे ब्लाऊज शिवते. मुलगी शिरवळला कंपनीत आहे. सगळं बैजवार चाललं होतं, आणि सत्तेचाळिशी लागली तशी माझ्या अंगात कुणीतरी चूल पेटवली.

बसल्या जागी छातीतनं जाळ उठायचा तो कानापर्यंत जायचा. घामानं भिजून जायची मी, आणि घाम वाळला की हुडहुडी. झोप तर गावच सोडून गेली. पाळीचं काही धरबंदच नाही, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की पाहुण्यासारखी मुक्कामालाच. आणि राग! एक बाई नुसतं म्हणाली, "गळा वाईच मोठा झालाय वं." मी तिच्यादेखत तो ब्लाऊज टराटरा उसवला आणि आत जाऊन रडत बसले. खरं सांगू? मी आतनं घाबरले होते. मला वाटायचं, आपलं डोकं फिरायला लागलंय.

मुलगी फोनवर सांगून थकली. आई, पाळी जायच्या आधी असं होतं, त्यावर उपाय आहेत, साताऱ्यात एक चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत. स्टँडच्या मागची गल्ली, खाली औषधाचं दुकान, वर जिन्यानं जायचं. इतक्यांदा सांगितलं की पत्ता मला आरतीसारखा पाठ झाला. पण जायचं कसं? या वयात पाळीची तक्रार घेऊन सुभेदारांच्या गाडीवर मागं बसायचं, आणि वाटेत भेटेल तो विचारणार, "काय वैनी, कुठं निघालाय?" मी आपली सब्जा, कोकम, गुलकंद करत बसले. गुलकंदानं गुण आला, नाही असं नाही. वजन वाढलं.

सुभेदारांना एकदा धीर करून सांगितलं. त्यांनी तालुक्याला जाऊन टेबलफॅन आणला, माझ्या उशाशी नेम धरून लावला, आणि "अब ठीक है?" म्हणून स्वतः गोधडी घेऊन पलीकडच्या खोलीत झोपायला गेले. फौजेनं त्यांना सगळं शिकवलंय, एवढा एक धडा सोडून.

राहिल्या आत्याबाई. त्यांना सांगायची माझी छातीच नव्हती, कारण आत्याबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. मी नवी नवरी होते तेव्हा त्यांच्या अंगात देवी यायची. भर दुपारीसुद्धा. तोंड लालबुंद, केस मोकळे, सुस्कारे टाकत घुमायला लागायच्या, आणि मी थरथरत विहिरीचं गार पाणी आणून त्यांच्या पायावर, डोक्यावर ओतायची. देवी बोलेल तो घरातला कायदा. एकदा देवी म्हणाली, सुनेनं माहेरी दोन रात्रींच्या वर राहायचं नाही. माझं माहेर जतचं, तिथं पोचायलाच दिवस मोडतो. सख्ख्या भावाच्या लग्नातनं पूजा व्हायच्या आत परत आलेय मी, देवीच्या धाकानं. पुढं काही वर्षांनी देवी यायची बंद झाली, कायदा मात्र तसाच राहिला.

तर नवरात्र. अष्टमीची आरती. देवळात बायकांची ही गर्दी, कापराचा धूर, दाराशी हलगी कडाडतेय, आणि माझ्या अंगावर ठेवणीतली काठपदराची साडी. कुठल्या शहाणीनं नेसायला सांगितली होती कोण जाणे. आरती अर्ध्यावर आली आणि माझा जाळ उठला. असा उठला की डोळ्यापुढं अंधारी. मी अंबाडा सोडला, पदर ढिला केला, हूं हूं करून श्वास टाकायला लागले. हातपाय लटलटायला लागले. मागं सरकायला जागा नाही. शेवटी ओरडले, "सरका समद्या! अंग जळतंय माझं!"

झालं! एकदम शांतता, आणि मग हलगी दुप्पट जोरात. कुणीतरी म्हणालं, "आली गं आली, आई आली. घराण्यातच हाय त्यांच्या." कुणी कपाळाला मळवट भरला, कुणी ओटीत नारळ घातला. मी सांगणारच होते हो. देवाशपथ सांगणार होते, की बायांनो, मला देवी नाही, घाम आलाय. तेवढ्यात कुणीतरी गार पाण्याचा अख्खा तांब्या माझ्या डोक्यावर ओतला.

आता काय सांगू तुम्हाला, काय वाटलं ते. डोक्यावरनं पाठीपर्यंत गार पाणी. दोन बायका दोन्ही बाजूंनी पदरानं वारा घालतायत. एक तळपाय चोळतेय. कितीतरी महिन्यांत कुणी माझं एवढं केलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि तोंडातनं निघून गेलं, "अजून आणा." माहेरी टँकरची वाट बघत घागरींची रांग लावणारी पोर मी, आणि माझ्या एकटीसाठी तांब्यावर तांबे रिकामे होत होते. म्हटलं, दोन मिनिटं घेऊ सुख, मग सांगू खरं.

पण अंगात आलं की बायका प्रश्न विचारणार, ही रीतच आहे. पहिल्या पुढं झाल्या सरपंचीणबाई. भारदस्त बाई, माझ्याच वयाची, चार माणसांत कधी आवाज चढलेला नाही. त्या माझ्या पायाशी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आई, अंगाची लाही लाही हुती. झोप न्हाई. सुनंवर उगंच डाफरते आन् न्हाणीत जाऊन रडते. कुणी करणी केलीय का माझ्यावर?"

मी खाडकन डोळे उघडले. अहो, ही तर माझीच कहाणी! सहा महिने मला वाटत होतं की अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच वेडी होतेय.  राग आला, तिचा नाही, कशाचा ते माहीत नाही. मी ओरडले, "करणीबिरणी काय न्हाई. डॉक्टरकडं जा."

हलगी थांबली. देवीनं डॉक्टर सांगितलेला गावानं आजवर ऐकला नव्हता. मागनं एक म्हातारी घाबरत म्हणाली, "कंच्या डॉक्टरकडं, आई?"

मला ठाऊक एकच. मी घुमत घुमतच सांगितलं, "साताऱ्याला जा. स्टँडच्या मागची गल्ली. खाली औषधाचं दुकान हाय. जिन्यानं वर." मग काय, रांगच लागली. एकीची पाळी महिनाभर थांबेना, एकीची छाती धडधडतेय. मी प्रत्येकीला साताऱ्याला धाडत सुटले. एकीनं तर विचारलं, "आई, जिना डाव्या हाताला का उजव्या?" ते पण सांगितलं.

आणि शेवटी पुढं आल्या कोण? आत्याबाई! माझ्यासमोर हात जोडून बसल्या.  म्हणाल्या, "आई, माझी सून लय सोसतीया. एकटीच रडत बसती, मला समदं दिसतंय. पर आमच्यात बोलायची रीत न्हाई. काय करू मी तिच्यासाठी?"

मला भरून आलं. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि या बाईला माझं दिसत होतं!  आता हीच वेळ होती की नाही सांगा. सगळ्या गावाला डॉक्टर सांगितला, तिथं आपल्यालाही धाडून घ्यायचं. पण बुद्धी फिरली माझी. मी म्हणाले, "तिला येळच्या येळी गार ताक दे. आन् संध्याकाळी त्या टीव्हीचा आवाज कमी ठेव."

आत्याबाईंनी एकदा वर बघितलं. मग "बरं आई" म्हणून पाया पडल्या.

तिथनं पुढं माझे हाल कुत्रं खाईना. माझ्या शिवणाच्या दुकानात बायका यायच्या, पाया पडायच्या, पण माप द्यायला कुणी तयार नाही. देवीला टेप कसा लावू द्यायचा? ब्लाऊज सगळे दुसऱ्या आळीतल्या शिंपिणीकडं. सुभेदार माझ्यासमोर तंबाखू मळेनात, चप्पल बाहेर काढून घरात यायला लागले आणि मला "जी" म्हणायला लागले. बाजारात भाजी घेताना जाळ उठला, मी पदरानं वारा घेतला, तर भाजीवालीनं तराजू ठेवून हातच जोडले. आणि डॉक्टरकडं जायची वाट कायमची बंद! देवी कुठं आजारी पडते का?

एक दिवस सरपंचीणबाई नारळ घेऊन आल्या. तोंडावर तेज, चालीत फरक. पायावर डोकं ठेवून म्हणाल्या, "आई, तुमच्या कृपेनं गाढ झोप लागती आता. सुनंशी बी ग्वाड झालं." मी आशीर्वादाला हात वर केला. त्या हाताला घाम फुटला होता, डोळ्याखाली काळी वर्तुळं होती, आणि मी अशी जळले की काय सांगू. माझा डॉक्टर, माझा पत्ता, आणि झोप हिला!

त्या गेल्यावर मी मशिनवर डोकं टेकून रडत होते, तर आत्याबाई ताकाचा पेला घेऊन आल्या. म्हणाल्या, "तोंड धू. साताऱ्याला जायचंय. देवीनं समद्यांस्नी जा म्हनून सांगितलंय, तू काय येगळी हायस?"

मी तोंडाला स्कार्फ बांधला, फक्त डोळे उघडे. जिना चढले, दार ढकललं, आणि बघते तर बाकांवर सगळं आमचंच गाव. एक बाई माझ्या चपला बघून उठली. "आई आल्या." झटक्यात सगळ्या उभ्या. दोघी पायाशी वाकल्या. डॉक्टरीणबाई आवाज ऐकून बाहेर आल्या आणि चष्म्यावरनं माझ्याकडं बघत राहिल्या.

आत बसवून म्हणाल्या, "तुमच्या गावच्या बायका सांगतात, त्यांना देवीनं पाठवलंय. तुम्हाला कुणी पाठवलं?"

"मीच," म्हटलं. "जरा उशिरानं."

फार भली बाई. हसली, पण मग सगळं नीट विचारलं. पाळी, झोप, रडणं, राग. बीपी बघितलं, तपासलं, रक्त तपासायला दिलं. म्हणाली, तुम्हाला वेड लागलेलं नाही, शरीर बदलतंय, आणि हे मुकाट सोसायची काही गरज नाही. पाळीत जास्त जातंय तेही बघू, रिपोर्ट आले की तुम्हाला सोसेल ते औषध ठरवू. घरात कुणाशी तरी बोलत जा. वेड लागलेलं नाही, एवढ्या एका वाक्यासाठी मी एवढं रामायण केलं होतं.

परत येताना स्टँडवर उसाचा रस घेतला. म्हटलं, आता हिच्यापासनं तरी लपवायचं नाही. "आत्याबाई, त्या दिशी माझ्या अंगात देवी आली नव्हती."

"म्हायतीय," त्या म्हणाल्या. "टीव्हीचं बोललीस तवाच वळाकलं. देवीला कशाला पायजे माझ्या टीव्हीची उठाठेव?"

"मग बोलला का न्हाई?"

त्यांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. "कुठल्या तोंडानं बोलू? तुझ्याच वयाची हुते मी. असाच जाळ उठायचा. तुझे सासरे कायम दारात बसलेले, सांगायचं कुणाला? एकदा देवळात घेरी आली, बायकांनी डोस्क्यावर पानी वतलं. लय बरं वाटलं बघ."

 ती भर दुपारची देवी, ते लाल तोंड, त्या माझ्या विहिरीच्या खेपा! हसू येतंय का रडू, मलाच कळेना. शेवटी विचारलं, "मग सुनेनं माहेरी दोन रातींच्या वर ऱ्हायाचं न्हाई, ते वं?"

"आता तू माहेरी जाऊन बसल्यावर," आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या डोस्क्यावर पानी कोन वतनार हुतं?"

घ्या! एवढ्यासाठी मी भावाच्या लग्नाची पूजा सोडून आले होते. त्या बाईनं देवीच्या तोंडून जन्माचा कायदा करून घेतला. आणि मी? एकदाच देवी झाले, सगळं गाव पायाशी होतं, खुद्द सासू हात जोडून विचारत होती, आणि मी मागितलं काय, तर टीव्हीचा आवाज.